दुष्काळी मुलखातील मासे आणि त्यांची नावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावयास सांगितले होते. मी त्यांना कळविले, की ह्या वर्षी मी माशांवर बोलणार आहे. त्यावर त्यांचा निरोप आला, की आपली प्रकृती बरी आहे ना? प्रकृती बरी आहे. विषयही मी बदललेला नाही, हे शेवटपर्यंत ऐकाल तर तुमच्या ध्यानात येईल.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण झाले ते गावोगावच्या वाचनालयांच्या बाकांवर. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याच्या पुस्तकांतून, शेजारी शब्दकोश ठेवून. तेव्हा मी पंडित म्हणून येथे उभा नाही. हजेरीपट तपासण्याची सवय जडलेला एक माणूस, एवढीच माझी पात्रता. कोणाचे नाव पटावर आहे, कोणाचे नाही, आणि ज्याचे नाही त्याने काम केले होते की नाही, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली. त्याच सवयीने मी एक जुना इतिहास वाचला. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम मुलूख पाहू. सोनईत बसून नदीच्या माशांवर बोलणे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आपला मुलूख अवर्षणाचा. ह्या मुलखाने दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ पर्यंतचे दुष्काळ सोसले. ह्याचे कारण आकाशात नाही, डोंगरात आहे. नैर्ऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि तेथेच रिते होतात. आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील घाटघरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तेथून पूर्वेला उतरत नगर शहराशी आले, की तो सहाशेच्याही आत येतो. डोंगराच्या पाठीमागच्या ह्या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. जगात अशा उंचावरच्या कोरड्या पठारांना वाळवंटही म्हणतात. आपण म्हणत नाही, कारण आपल्याला तेथे पेरावयाचे असते.

परंतु ह्या कोरड्या पठारावरून वाहणाऱ्या नद्या मात्र ओल्या डोंगरात जन्मतात. आपली मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघते, कोतुळ, राहुरी करीत नेवासे तालुक्यात येते आणि प्रवरेला मिळते. प्रवरा पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते. भीमा भीमाशंकराच्या डोंगरात निघून श्रीगोंदे, कर्जतच्या कडेने जाते. पाऊस पाहिलेला नसला तरी पूर पाहिलेला आहे, असा आपला शेतकरी पूर्वी म्हणे, ते ह्यामुळे.

धरणे होण्यापूर्वी ह्या नद्यांचा क्रम ठरलेला होता. पावसाळ्यात गढूळ लोंढा, थंडीत निवळ पाणी, आणि चैत्र-वैशाखात नुसते खडक व वाळू. मग मासा जगे कोठे? तो जगे डोहात. काळ्या खडकात पाण्याने कोरलेले खोल डोह उन्हाळ्यातही आटत नसत. चार महिने मासा तेथे दम धरून राही आणि पहिल्या पुराबरोबर वर चढे. खडशी, म्हणजे ज्याला इंग्रज लोक महाशीर म्हणत तो मोठ्या खवल्यांचा बलवान मासा, प्रवाहाविरुद्ध वर जाऊन गोट्यांच्या पात्रात अंडी घाली. डोह हे त्याचे घर आणि पूर हा त्याचा रस्ता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या माशांचा इतिहास कोणी लिहिला? पहिले मोठे नाव राजाचे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात, शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीचे अभ्यासक त्याचे नाव घेतात ते त्यातील जुन्या मराठी ओळींसाठी. पण त्यात राजाच्या करमणुकींचे जे वर्णन आहे, त्यात ‘मत्स्यविनोद’ असा एक भाग आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते आमिष, दोरी कशी, काठी कशी, हे सर्व त्यात सांगितले आहे. डॉ. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. म्हणजे गळ टाकून मासा पकडण्याचा शौक दख्खनच्या पठारावर साहेबाबरोबर आला, ही समजूत चुकीची आहे. साहेबाच्या आधी सातशे वर्षे तो येथे लिहिला गेला होता. पण मला वाचताना एक प्रश्न पडला. राजाने माशांच्या जाती स्वतः पाण्यात उतरून मोजल्या असतील काय? आमिषाची माहिती त्याला राजवाड्यात कोणी दिली असेल? ते नाव ग्रंथात नाही.

मग साहेब आला आणि आपल्याबरोबर एक निराळा गळ घेऊन आला. पिसे आणि लोकर आकड्याला बांधून माशीचे सोंग करावयाचे आणि ते पाण्यावर असे अलगद टाकावयाचे, की माशाला खरोखरीचा किडाच बसला असे वाटावे. ही कलाही फार जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या एलियन ह्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर आणि पिसे आकड्याला बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे. इंग्रज हिला आपली खास विद्या मानीत. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस ह्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि महाशीर हा विलायतेतील सामन माशाच्या तोडीचा, किंबहुना त्याहून झुंजार, असे मत मांडले. तेव्हापासून तंबू, काठी आणि चार हमाल घेऊन नदीच्या काठाने डोहामागून डोह पायी हिंडणे, हा साहेबाच्या रजेचा एक प्रकार झाला. शौक म्हणून त्यात वाईट काही नाही. पायी हिंडणारा माणूस नदी पाहतो, मोटारीतला पाहत नाही.

परंतु मला ज्या साहेबाविषयी सांगावयाचे आहे तो ह्याच्याही पन्नास वर्षे आधीचा, आणि तो शौकासाठी हिंडत नव्हता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म १७९०, मृत्यू १८७२. कंपनीच्या मुंबई लष्करातला हा अधिकारी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध लढला. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्याने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले. नव्याने जिंकलेल्या मुलखात काय काय आहे, ह्याची मोजदाद त्याने करावयाची होती. जमिनीचे धारे, पिके, माणसे, पाऊस, जनावरे, पक्षी, मासे ह्या सर्वांची. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड ह्या चार जिल्ह्यांत तो हिंडला. त्या काळी हिंडणे म्हणजे मुक्कामामागून मुक्काम करीत जाणे. १८२९ मध्ये सरकारने काटकसरीसाठी त्याची जागाच मोडली. आमच्या भाषेत ह्याला कपात म्हणतात. तरी ह्या गृहस्थाने रजा मिळविली आणि १८३१ च्या जानेवारीपर्यंत काम पुरे केले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात बसला. परंतु मला त्याच्या मोठेपणापेक्षा कपातीनंतरही हातातले काम न सोडण्याची ती गोष्ट अधिक मोलाची वाटते. शत्रूपक्षातल्या माणसाचेही काम नीट असेल तर नीट म्हणावे.

दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह छापला गेला. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक तोपर्यंत युरोपच्या शास्त्राला ठाऊक नव्हत्या. चित्रे प्रत्यक्ष मोजमापे घेऊन काढलेली आहेत. त्याने पाहिलेले मूळ मासे आज कोणत्याही संग्रहालयात नाहीत. उरली आहेत ती चित्रे, वर्णने आणि नावे.

आता ही नावे ऐका. खुद्री. मुसल्ला. कोळूस. पोटील. नुकटा. फुलुंजी. बोगट. कवरस. मुल्या. सिंघाला. घोगरा. लोना. टाकरी. गूंगवारी. कुतुर्नी. ही मी कोणा भोयाकडून ऐकून सांगत नाही. ही जगातल्या सर्व शास्त्रज्ञांनी मान्य केलेली नावे आहेत. जपानमध्ये किंवा जर्मनीत आज कोणी प्राध्यापक आपल्या खडशीवर लिहील, तर त्याला ‘टोर खुद्री’ असेच लिहावे लागेल आणि त्यापुढे साइक्सचे नाव जोडावे लागेल. डोंगरी ओढ्यातल्या खडकाला चिकटून राहणाऱ्या आपल्या मळ्याला तो ‘गारा मुल्या’ म्हणेल. लॅटिनच्या पंगतीत आपल्या नदीकाठची मराठी जाऊन बसली आहे, ती अशी.

हा प्रघात साइक्सने पाडला असे नाही. त्याच्या आधी फ्रान्सिस हॅमिल्टन ह्याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक लिहिताना अशीच देशी नावे घेतली होती. पण दख्खनपुरते पाहिले तर हे काम साइक्सचे. त्याने नाव विचारले आणि ऐकले ते लिहून घेतले. त्याला मराठीची पुस्तके उघडून ही नावे मिळाली नसती, कारण मराठीच्या पुस्तकांत ती नव्हती. ती होती भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी. घोगरा वेगळा आणि कुतुर्नी वेगळी, हे शास्त्रज्ञाला काट्यांची मापे घेऊन ठरवावे लागले. जाळे ओढणाऱ्याला ते अंधारात हाताला कळत होते. म्हणजे जातींचा भेद प्रथम ज्याने ओळखला तो भोई, आणि त्याची नोंद ज्याने केली तो साहेब.

आता त्याच निबंधातली दुसरी नावे ऐका. यारेली, चिल्ड्रेनी, ओगिल्बी, व्हिगोर्सी. ही माणसांची नावे आहेत. यारेल, चिल्ड्रेन, ओगिल्बी, व्हिगोर्स हे लंडनच्या शास्त्रीय वर्तुळातले मान्यवर होते. त्यांचा गौरव म्हणून साइक्सने त्यांची नावे आपल्या नद्यांतील माशांना दिली. ह्यांतील कोणी भीमेचे पाणी पाहिलेले नव्हते. त्यांची नावे मात्र पटावर आहेत. ज्यांनी जाळे टाकले, मासा काढला, नाव सांगितले, त्यांच्यापैकी एकाही माणसाचे नाव माशाला मिळाले नाही. त्यांचा शब्द घेतला, माणूस वगळला.

ह्यात एक मासा असा आहे, की त्यात ही सगळी कथा दोन शब्दांत येते. त्याचे शास्त्रीय नाव ‘रोहटी ओगिल्बी’. पहिला शब्द कुळाचा, दुसरा जातीचा. रोहटी हा आपल्याकडचा शब्द आणि ओगिल्बी हा लंडनचा गृहस्थ. साइक्सला हा मासा मिळाला तो भीमेच्या काठी, ज्याला तो पैरगाव म्हणतो त्या गावाजवळ. हे पैरगाव म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यातील पेडगाव. ज्या बहादूरगडावर १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून आणले, तोच हा गाव. इतिहासाच्या पुस्तकांत पेडगाव आहे तो मोगलांच्या छावणीसाठी. जगाच्या मत्स्यशास्त्रात तो आहे एका रुपेरी माशासाठी, आणि हे गावाला माहीत नाही.

हे वाचल्यावर मला घरी बसवेना. गेल्या वर्षी हिवाळ्यात मी आणि कारखान्यातले माझे दोन जुने सोबती श्रीगोंद्याहून पायी पेडगावास गेलो. पाठीवर भाकरी, पाण्याची बाटली आणि एका वहीत साइक्सची यादी. काळ्या रानातून, ऊस आणि बाभळी ह्यांच्यामधून वाट होती. गडाच्या पडक्या तटाखाली भीमा आली. काठावर एक म्हातारे भोई जाळे विणीत बसले होते. शेजारी त्यांची कारभारीण. रामराम झाला, तंबाखू झाली. मी म्हणालो, “बाबा, दोनशे वर्षांमागं एका साहेबानं ह्या पाण्यातल्या माशांची नावं लिहून नेली. वाचून दाखवू का?”

ते हसले. “वाचा की, भाऊ.”

मी वाचू लागलो. सिंघाला म्हणताच ते म्हणाले, “शिंगाळा.” घोगरा म्हणताच मान हलविली. मुल्याला “मळ्या” म्हणाले. खुद्रीला थोडे थांबले आणि म्हणाले, “खडशी म्हनत्यात तिला. आता कुठली! माझ्या बापानं काढलेली बघितली म्या.” पुढची पाच-सहा नावे वाचली, ते गप्प राहिले. मग मी कुतुर्नी वाचले. तेव्हा कारभारीण जाळ्यावरून मान वर न करता म्हणाली, “कतरनी म्हना. काट्याला करवतीवानी दात असत्यात तिच्या. धरायला गेलं का हात कातरती.”

श्रोतेहो, त्या जातीच्या काट्याला करवतीसारखे दात असतात, हे शास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलेच आहे. पण साहेबाच्या कानाने कतरणीची कुतुर्नी केली आणि त्या नावातला अर्थ दोनशे वर्षे लॅटिनच्या कपाटात कुलूपबंद राहिला. तो त्या बाईने एका वाक्यात उघडला. नवऱ्यापेक्षा तिला नावे अधिक ठाऊक होती, ह्याचेही कारण तिनेच सांगितले. जाळे पुरुषाचे, पण बाजार तिचा. नाव सांगितल्याशिवाय मासा विकत नाही.

“आणि रोहटी?” मी विचारले. दोघांनीही मान हलविली. मग बाबा पाण्याकडे हात करून म्हणाले, “आता सगळी चिलापी.”

चिलापी म्हणजे तिलापिया. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, हाताळावयास सोपा, फार वेगाने वाढणारा. आज भीमेच्या धरणात जाळे टाकले की पाटीत बहुधा तोच येतो. मग दोनशे वर्षांपूर्वीची ती यादी गेली कोठे? ह्याला एकच कारण नाही, आणि एकाच्याच माथी दोष मारणे हे सभेत सोपे असले तरी इतिहासात चालत नाही.

पहिले कारण सुरुंग आणि विष. दगडफोडीची दारू हाती आली तशी ती डोहात पडू लागली. मोठ्या माशाबरोबर पोरेही मेली. टॉमस आणि मत्स्यतपासनीस फ्रान्सिस डे ह्यांनी ह्याविरुद्ध सरकारकडे लिहिले आणि १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके व विष टाकण्यास बंदी झाली. कायदा झाला, डोह मात्र पोलिसाच्या वाटेवर नव्हते. जेथे कायदा पोहोचला नाही तेथे काही ठिकाणी श्रद्धा पोहोचली. देहूच्या इंद्रायणीत आणि महाड तालुक्यातील वाळणकोंडीत मासा मारावयाचा नाही, असा लोकांनीच नेम केला आणि मासा राहिला.

दुसरे कारण धरणे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. मुळा धरण सव्वीस टी. एम. सी. चे. पैठणचे जायकवाडी १९७६ मध्ये सुरू झाले, भीमेवर उजनी त्यानंतर. श्रोतेहो, धरणाला नावे ठेवण्यास मी येथे उभा नाही. मुळेच्या पाण्याने ही सोनई हिरवी झाली. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने आले, कारखान्यांवर माझ्या संघटनेचे सभासद जगले आणि त्यांच्या वर्गणीवर मी जगलो. पण मघाशी सांगितलेली गोष्ट आठवा. डोह हे माशाचे घर आणि पूर हा त्याचा रस्ता. धरणाने रस्ता बंद केला आणि वाळूच्या उपशाने घर मोडले. प्रवाहात जगणारी जात साचलेल्या पाण्यात रुजत नाही. तेथे कटला, रोहू, चिलापी रुजतात. धरणे बांधताना शेतकऱ्याच्या जमिनीचा हिशेब झाला. तो नीट झाला की नाही हा वेगळा प्रश्न, पण हिशेब तरी झाला. भोयाच्या डोहाचा सातबारा नव्हता, म्हणून त्याचा हिशेबच झाला नाही. पुढे तलाव ठेक्याने गेले. कोठे भोयांच्या सहकारी संस्थांना मिळाले, कोठे पैसेवाल्याला. कालचा डोहाचा मालक आज ठेकेदाराचा मजूर झाला.

तिसरे कारण घाण. हे कारण मला दुसऱ्याच्या तोंडून सांगावयाचे नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी परजिल्ह्यातील नदीकाठच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेची बोलणी चालू होती. त्या कारखान्याचे नाव मी घेत नाही. मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे पाणी उरते ते एका रात्री नदीत गेले. ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. सकाळी दोन मैल मासा पोट वर करून तरंगत होता. काठचे भोई माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, तुम्ही गरिबांचे. आमच्या बाजूनं अर्ज लिहा.” मी त्यांना म्हणालो, “आठ दिवस थांबा, आमचा करार होऊ द्या.” १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा मला तोंडपाठ होता. अर्ज लिहिला असता तर कारखाना बंद पडला असता आणि पगारवाढीची बोलणी फिसकटली असती, असे माझे गणित होते. करार झाला, हार पडले. आठ दिवसांनी मी नदीवर गेलो तेव्हा भोई तेथे नव्हते. पाणी नितळले होते आणि अर्ज लिहावयास पुरावा उरला नव्हता.

ते मला साहेब म्हणाले होते, हे मी विसरलेलो नाही. साइक्स साहेबाने त्यांचा शब्द तरी लिहून घेतला. मी तोही घेतला नाही. त्यांच्या मेहनतीला हजेरीपट नव्हता म्हणून माझ्या लेखी ते कामगार नव्हते, आणि ही माझी चूक होती. पगाराच्या चिठ्ठीवर ज्याचे नाव असते तोच तेवढा श्रमिक, अशी समजूत आम्हां संघटनावाल्यांत फार दिवस राहिली. ह्या देशातले बहुसंख्य श्रमिक चिठ्ठीच्या बाहेर आहेत.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण देतो. अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथेही समुद्राकडून आलेले ढग डोंगराला अडतात आणि डोंगरामागे आपल्यासारखेच कोरडे, उंच पठार आहे. त्यातून डेश्यूट्स नावाची नदी खोल दरीतून वाहते. पाठीवर पिशवी टाकून, दरीतून मैलोगणती चालत, माशीचा गळ टाकीत ट्राउट मासा धरण्यासाठी तेथे लांबलांबून शौकीन येतात. पण त्याच नदीच्या एका धबधब्यावर तेथील आदिवासी आजही लाकडी माचा बांधून, लांब दांड्याच्या जाळ्याने मासे काढतात. त्यांना कोणी हुसकत नाही. का? त्यांच्याजवळ कागद आहे. १८५५ मध्ये सरकारने त्यांची जमीन घेतली तेव्हा तहात लिहून द्यावे लागले, की वहिवाटीच्या जागी मासे धरण्याचा त्यांचा हक्क राहील. तो कागद शंभर वर्षे पायदळी तुडविला गेला. जवळच्या कोलंबिया नदीवरचा सेलिलो हा त्यांचा मोठा धबधबा १९५७ मध्ये धरणात बुडाला. तरी त्यांनी कागद टाकला नाही. १९६९ मध्ये ऑरेगॉनच्या न्यायालयाने त्यांना माशांचा न्याय्य हिस्सा दिला पाहिजे असा निकाल दिला, आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात १९७४ मध्ये तो हिस्सा निम्मा ठरला. करार मोडला जातो हे खरे. पण असलेला करारच मोडता येतो आणि मोडलेल्या करारावरच भांडता येते. ज्याच्याजवळ कागदच नाही त्याने कशावर भांडावे?

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणून मी तुम्हांला निराश करून घरी पाठविणार नाही. महाराष्ट्राचे माजी मत्स्यसंचालक चं. वि. कुलकर्णी ह्यांनी खडशीच्या अंड्यांचा आणि पिलांचा अभ्यास करून तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर ह्या माशाची पैदास सुरू झाली आणि तेथील पिले देशातील इतर नद्यांतही सोडली गेली. म्हणजे जात टिकविता येते. पण नुसती जात टिकवून भागत नाही, तिच्यावर जगणारा माणूसही टिकला पाहिजे.

माझे मागणे लहान आहे. आपल्या तालुक्यात मुळेच्या काठी पानेगाव आहे, प्रवरेच्या काठी नेवासे आहे, गोदेच्या काठी प्रवरासंगम आहे. ह्या गावांत अजून काही भोई आणि कोळी म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. येथे बसलेल्या शाळांच्या शिक्षकांनी आपली मुले वही घेऊन त्यांच्याकडे पाठवावी. कोणता मासा, त्याला ते काय म्हणतात, कोणत्या डोहात मिळे, कोणत्या सालापर्यंत दिसला, हे लिहून घ्यावे. आणि त्या पानाच्या खाली, ज्याने किंवा जिने सांगितले त्याचे पूर्ण नाव लिहावे. साइक्सने जे वगळले ते एवढेच होते. ग्रामपंचायतीने ती वही दप्तरात ठेवावी. उद्या पाण्याच्या वाटपाची किंवा तलावाच्या ठेक्याची गोष्ट निघेल तेव्हा वहिवाटीचा पुरावा म्हणून ती वही टेबलावर ठेवता येईल. डोहाचा सातबारा नसला तर आपण लिहू.

पेडगावाहून निघताना मी त्या बाईंना म्हटले, “मावशी, कतरणीचा अर्थ मी वहीत लिहिलाय. खाली तुमचं नाव घालू का?”

त्या म्हणाल्या, “माझं कशाला? ह्यांचं घाला.”

बाबा जाळे झटकीत म्हणाले, “सांगितलं कुनी? तिनं. मग तिचंच घाला.”

ते नाव माझ्या वहीत आहे. छापावयाची परवानगी मी मागितली नाही, म्हणून येथे सांगत नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे, तेव्हा विचारीन.